मोटारीच्या पाठीवर मोटार
अलेक्झांडर विंटन : पहिल्या मोटारवाहू ट्रेलरच्या जनकाची जीवनकथा
प्रतिनिधी

व्हिंटेज मोटारींच्या मेळाव्यात झळाळत्या पितळी दिव्यांकडे आणि लाकडी आऱ्यांच्या चाकांकडे पाहताना एक गोष्ट प्रेक्षकांच्या नजरेआड राहते. दूरच्या गावांहून आलेल्या या वाहनांपैकी कित्येक स्वतःच्या चाकांवर आलेली नसतात. मैदानाच्या मागच्या बाजूस, मांडवाच्या आडोशाला, त्यांना घेऊन आलेले ट्रेलर उभे असतात. त्यांची छायाचित्रे कोणी काढत नाही. परंतु हौसेने जुनी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाला गाडी दारात आल्यापासून काही दिवसांतच एक प्रश्न छळू लागतो. ही चालवत न्यायची की वाहून न्यायची? वाहून न्यायची तर ट्रेलर उघडा घ्यावा की बंदिस्त, एका आसाचा की दोन आसांचा, आणि तो ओढणार कोण?

हा प्रश्न व्यवहारात सर्वप्रथम ज्यांच्यासमोर उभा राहिला आणि ज्यांनी त्याचे लोखंडी उत्तर तयार केले, त्या गृहस्थांचे नाव अलेक्झांडर विंटन. त्यांच्या हयातीच्या एका टप्प्यावर अमेरिकेत मोटार म्हणजे विंटन असे समीकरण होते. आज मात्र फोर्ड, पॅकार्ड ही नावे ठाऊक असणाऱ्यांनाही विंटन हे नाव क्वचितच आठवते. पॅकार्ड यांना मोटारधंद्यात येण्याची चिथावणी विंटन यांच्याच एका गाडीने दिली आणि फोर्ड यांना भांडवल मिळाले ते विंटन यांना हरवल्यामुळे, हे पाहिले की या विस्मरणाचे नवल वाटते.

विंटन यांचा जन्म २० जून १८६० रोजी स्कॉटलंडमधील ग्रेंजमथ या बंदराच्या गावी झाला. क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांत त्यांनी उमेदवारी केली. त्या काळी जगातील उत्तम आगबोटी तेथे बांधल्या जात आणि वाफेच्या इंजिनावर हात बसलेला तरुण कोठेही उपाशी राहत नसे. विशीच्या उंबरठ्यावर ते अमेरिकेत आले. न्यूयॉर्कला लोखंडी यंत्रांच्या कारखान्यात काम केले, काही काळ सागरी बोटीवर इंजिनियर म्हणून काढला आणि १८८४च्या सुमारास ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरी स्थिरावले. ईरी सरोवराच्या काठचे हे शहर तेव्हा पोलाद, तेल आणि जहाजे यांच्या जोरावर वाढत होते.

सायकलींचे वेड युरोप-अमेरिकेत शिगेला पोहोचले होते. १८९१मध्ये विंटन यांनी सायकलींचा कारखाना काढला. सायकलीचा धंदा वरकरणी किरकोळ दिसतो. पण बारीक पोलादी नळ्या, चेंडूंचे बेअरिंग, साखळी, हवेचे टायर या साऱ्या गोष्टी मोटारीच्या आधी सायकलीनेच कारागिरांच्या हाती दिल्या. विंटन यांनी १८९६मध्ये पहिली प्रायोगिक मोटार उभी केली, तेव्हा तिच्यासाठी हवेचे टायर शेजारच्या ॲक्रन शहरातील गुडरिच कंपनीने बनवून दिले. पुढच्या वर्षी, १५ मार्च १८९७ रोजी, विंटन मोटर कॅरिज कंपनीची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांनी आपली गाडी ताशी ३३ मैलांहून अधिक वेगाने पळवून दाखवली.

एवढ्याने गिऱ्हाईक मिळेना. घोड्याविना चालणारी बग्गी ही जत्रेतली गंमत आहे, तिच्यावर पैसे घालणे शहाणपणाचे नाही, असा लोकांचा समज होता. तो घालवण्यासाठी विंटन यांनी २८ जुलै १८९७ रोजी आपल्या कारखान्याचे देखरेखप्रमुख विल्यम हॅचर यांना सोबत घेऊन क्लीव्हलंडहून न्यूयॉर्कचा रस्ता धरला. सुमारे ८०० मैलांचा हा प्रवास ७ ऑगस्टला संपला. रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. पाऊस पडला की चिखल, नाहीतर डोळे भरून टाकणारी धूळ. गाडी पोहोचली खरी, परंतु वर्तमानपत्रांनी तिची फारशी दखल घेतली नाही. पराक्रम केला आणि तो छापून आला नाही तर तो पराक्रम केल्यासारखा होत नाही, हा धडा विंटन यांनी मनात टिपून ठेवला असावा. त्याचा उपयोग त्यांनी दोन वर्षांनी केला.

पहिले गिऱ्हाईक मिळाले ते २४ मार्च १८९८ रोजी. पेनसिल्व्हेनियातील पोर्ट कार्बनचे रॉबर्ट ॲलिसन हे सत्तरीतले यांत्रिक अभियंता. 'सायंटिफिक अमेरिकन'मधील जाहिरात पाहून त्यांनी एक हजार डॉलरला विंटन मोटार घेतली. ठरलेल्या नमुन्यानुसार बनवून विकलेली ही अमेरिकेतील पहिली पेट्रोल मोटार, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या वर्षाअखेरपर्यंत विंटन यांच्या २२ गाड्या विकल्या गेल्या. आजच्या हिशोबाने हा आकडा हसण्यासारखा आहे. परंतु याच २२ गाड्यांनी विंटन यांना अशा अडचणीत टाकले, जिचा विचार तोवर कोणी केलेला नव्हता.

अडचण अशी की, मोटार क्लीव्हलंडमध्ये तयार होई आणि गिऱ्हाईक शेकडो मैलांवर राही. ती त्याच्या दारात पोहोचवायची कशी? रेल्वे होती, परंतु रेल्वे स्टेशनापर्यंत. स्टेशनापासून पुढे, ज्याने आयुष्यात मोटार पाहिलेली नाही अशा माणसाच्या हाती ती सोपवायची की कारखान्याचा माणूस पाठवायचा? आणि सारा रस्ता चालवत न्यायची तर गाडी नवी राहत नाही. टायर झिजतात, साखळी ताणली जाते, रंगावर चिखल बसतो. पूर्ण किंमत मोजलेल्या गिऱ्हाइकाला वापरलेली गाडी मिळते.

त्यात वाटेत गाडी बंद पडली तर होणारी शोभा निराळीच. ती किती महागात पडू शकते याचा दाखला त्याच वर्षी घडला. ओहायोतीलच वॉरेन गावचे जेम्स वॉर्ड पॅकार्ड हे विजेच्या सामानाचे कारखानदार. त्यांनी १३ ऑगस्ट १८९८ रोजी क्लीव्हलंडला येऊन विंटन मोटार ताब्यात घेतली आणि ती स्वतः चालवत घरी निघाले. गाडी वाटेत बिघडली. अखेरीस घोड्यांचे टोचन लावून ती घरी आणावी लागली. नव्याकोऱ्या मोटारीला घोड्यांनी ओढत नेताना पाहून रस्त्यावरच्या लोकांना काय वाटले असेल, याची कल्पना सहज करता येते. पॅकार्ड पुढे वारंवार तक्रारी घेऊन विंटन यांच्याकडे गेले, सुधारणा सुचवू लागले. विंटन हे स्वभावाने तापट आणि आपल्या यंत्राविषयी हळवे. इतके समजत असेल तर स्वतःच मोटार बांधा, अशा अर्थाचे काहीतरी त्यांनी सुनावले, अशी कथा मोटारींच्या इतिहासात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. कथा शब्दशः खरी असो वा नसो, परिणाम खरा आहे. पॅकार्ड यांनी विंटन यांचेच दोन माणसे आपल्याकडे ओढली. त्यातले एक, न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रवासातले सोबती हॅचर. ६ नोव्हेंबर १८९९ रोजी पहिली पॅकार्ड मोटार रस्त्यावर आली आणि पुढे अर्धशतक तिने श्रीमंतांच्या अंगणात विंटनची जागा घेतली.

गिऱ्हाइकापर्यंत गाडी न झिजवता नेण्याच्या या प्रश्नाचे उत्तर विंटन यांनी १८९८-९९च्या सुमारास तयार केले. आपल्याच एका मोटारीत फेरफार करून त्यांनी तिला ओढणारी गाडी बनवले. तिच्यामागे एक सांगाडा जोडला. या सांगाड्याला चाके होती ती फक्त मागच्या बाजूस. पुढचे टोक ओढणाऱ्या मोटारीच्या पाठीवर, तिच्या मागच्या बाजूच्या इंजिनावरील भागावर टेकलेले असे. विकलेली मोटार या सांगाड्यावर ढकलत चढवायची, बांधायची आणि चालू लागायचे. एका खेपेला एक मोटार. याच ट्रेलरची त्यांनी पुढे इतर मोटारवाल्यांनाही विक्री केली, असे सांगतात. महामार्गावर आठ-दहा नव्या मोटारी दोन मजल्यांवर रचून नेणारे जे अजस्र ट्रेलर दिसतात, त्यांचे मूळ या एकगाडी सांगाड्यात आहे.

येथे काटेकोरपणे बोलायचे तर एक खुलासा करायला हवा. पुढचे टोक ओढणाऱ्या वाहनावर टेकवण्याची युक्ती विंटन यांच्या आधीही कोणी वापरली नव्हती असे नाही. फ्रान्समध्ये जुलै १८९४मध्ये झालेल्या पॅरिस ते रूआँ या प्रसिद्ध चढाओढीत काउंट द दियों यांचे वाफेचे इंजिन मागे जोडलेली बग्गी ओढत सर्वांच्या आधी पोहोचले होते. इंजिनात कोळसा घालायला वेगळा माणूस लागतो म्हणून त्यांना पहिले बक्षीस नाकारण्यात आले, ही गोष्ट वेगळी. परंतु त्या बग्गीत माणसे बसत. मोटारीने मोटार वाहायची, आणि तीही ती झिजू नये म्हणून, हे सुचले ते विंटन यांना.

या रचनेत खोच आहे ती भाराच्या विभागणीत. चार चाकांचा स्वतंत्र गाडा मागे बांधला तर तो आपला सारा भार आपणच वाहतो आणि ओढणाऱ्याला केवळ हिसका देतो. दोनच चाके ठेवून पुढचे टोक ओढणाऱ्याच्या पाठीवर टेकवले की भाराचा काही हिस्सा त्याच्या मागच्या चाकांवर येतो, चाके रस्त्याला घट्ट धरतात आणि मागचा सांगाडा वळणावर मुकाट्याने मागे येतो. बैलगाडी जुंपणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. भरलेली गाडी उलार झाली तर बैलाच्या मानेवरचे जू उचलले जाते आणि गाडी दाबाची झाली तर बैल खाली बसतो; म्हणून तो पोती पुढे-मागे सरकवून तोल साधतो.

आज हौशी मोटारीसाठी ट्रेलर निवडताना पहिला हिशोब नेमका हाच करावा लागतो. मोटार आणि ट्रेलर मिळून जे वजन होईल त्याच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या कड्यावर पडावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. समजा मोटार १२०० किलोची आहे आणि ट्रेलर ७०० किलोचा. म्हणजे एकूण १९०० किलो झाले. कड्यावर १९० ते २८५ किलो यायला हवेत आणि ओढणाऱ्या वाहनाची तेवढी क्षमता हवी. भार कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि हे झुलणे एकदा सुरू झाले की आवरणे कठीण. जास्त पडला तर ओढणाऱ्या गाडीची पाठ बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. म्हणूनच फोक्सवॅगन बीटलसारखी मागे इंजिन असलेली गाडी ट्रेलरवर नेहमीसारखी तोंड पुढे करून चढवली तर हिशोब चुकतो. ती पुरेशी पुढे सरकवावी लागते किंवा उलटी चढवावी लागते. दोन आसांचा ट्रेलर महाग आणि जड असला तरी तो अधिक स्थिर चालतो, टायर फुटला तरी लगेच कोलमडत नाही.

बंदिस्त ट्रेलरचा मोह प्रत्येक मालकाला होतो. धूळ नाही, दगड उडून रंग जाण्याची भीती नाही, पाऊस नाही, वाटेत हात लावून पाहणारे नाहीत. परंतु त्याचे स्वतःचे वजन बरेच असते आणि वाऱ्याचा विरोध भिंतीसारखा. शिवाय एक मजेदार अडचण दुकानात लक्षात येत नाही: गाडी आत चालवत नेली की तिचे दार उघडायला जागाच उरत नाही आणि चालक आत अडकतो. चांगल्या बंदिस्त ट्रेलरला यासाठी बाजूला वेगळी खिडकीवजा झडप ठेवलेली असते. ठेंगण्या स्पोर्ट्स मोटारीचे पोट चढताना फळीला घासते, म्हणून तिला लांब उतरणीच्या फळ्या किंवा सबंध कलणारे तक्ते हवे. न चालणारी गाडी ओढून चढवायला विंच हवी. जुन्या गाडीचे लाकडी आरे पट्ट्याने करकचून बांधू नयेत, पट्टा आसाला घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. खंडाळ्यासारखा घाट उतरताना मागून दोन टन ढकलत असतील तेव्हा पुढच्या गाडीच्या ब्रेकवर विसंबणे जिवाशी खेळ ठरतो. आपल्याकडे हौशी मालक बहुधा भाड्याचा फ्लॅटबेड ट्रकच बोलावतो आणि यातला बराचसा विचार ट्रकवाल्यावर सोडतो. तरी पट्टा कुठे बांधला जातो हे पाहायला त्याने उभे राहावे.

विंटन यांच्या चरित्राकडे वळताना मौज वाटते ती एका विसंगतीची. मोटार कणखर आहे, ती कुठेही जाऊ शकते, हे सिद्ध करण्यासाठी ज्या माणसाने ८०० मैल खडतर रस्त्यावर गाडी हाकली, त्यानेच ती रस्त्यावर चालवावी लागू नये म्हणून ट्रेलर बांधला. जाहिरातीतल्या आणि हिशोबाच्या वहीतल्या विंटनमध्ये हे अंतर होते आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. मे १८९९मध्ये जाहिरातीतला विंटन पुन्हा न्यूयॉर्कला निघाला. या वेळी शेजारच्या जागेवर क्लीव्हलंडच्या 'प्लेन डीलर'चे बातमीदार चार्ल्स शँक्स होते. रोजच्या रोज वाटेवरून वार्तापत्रे जाऊ लागली, ती अनेक वर्तमानपत्रांनी छापली आणि गावोगावी लोक रस्त्याच्या कडेला जमू लागले. प्रत्यक्ष चालवण्याचे ४७ तास ३४ मिनिटे भरली. न्यूयॉर्कला प्रचंड गर्दीने स्वागत केले. त्या वर्षी शंभराहून अधिक विंटन मोटारी विकल्या गेल्या आणि पेट्रोल मोटारींच्या उत्पादनात कंपनी अमेरिकेत अग्रभागी गेली. बातमीदाराला शेजारी बसवण्याची ही युक्ती मोटारकंपन्या तेव्हापासून विसरलेल्या नाहीत, हे आमच्या व्यवसायातल्यांना सांगायला नको. शँक्स यांनी तर पुढे विंटन यांच्याकडेच नोकरी धरली.

यशाबरोबर हट्टही वाढला. १९००मध्ये फ्रान्समधील पहिल्या गॉर्डन बेनेट शर्यतीत विंटन स्वतः उतरले आणि वाटेतच बाहेर पडले. मे १९०१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत सारी अमेरिका मोटारीने ओलांडण्याच्या इराद्याने शँक्ससह निघाले. सिएरा नेवाडाचे डोंगर पार केले, परंतु नेवाडातील वाळूने चाके गिळली आणि बेत सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला डेट्रॉइटजवळ ग्रोस पॉइंट येथे जी शर्यत झाली तिने तर मोटारींचा इतिहास वळवला. विंटन यांच्यासमोर होते अडतीस वर्षांचे हेन्री फोर्ड. त्यांची पहिली कंपनी बुडाली होती आणि आयुष्यात पूर्वी त्यांनी शर्यत केलेली नव्हती. विंटन यांची गाडी ७० अश्वशक्तीची, फोर्ड यांची २६च्या आसपास. बक्षीस होते एक हजार डॉलर आणि कटग्लासचे एक मोठे भांडे. हे भांडे विंटन यांच्या दिवाणखान्यात शोभेल अशा बेताने शँक्स यांनीच निवडले होते, असे म्हणतात. दहा मैलांच्या शर्यतीत विंटन पुढे होते. सातव्या-आठव्या फेरीत त्यांच्या इंजिनाचे बेअरिंग तापले, धूर निघू लागला, शेजारी बसलेले शँक्स तेल ओतत राहिले. परंतु फोर्ड पुढे निघून गेले. भांडे फोर्ड यांच्या घरी गेले. महत्त्वाचे म्हणजे भांडवलदारांचे लक्षही त्यांच्याकडे गेले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाची नवी कंपनी उभी राहिली. ऑक्टोबर १९०२मध्ये याच मैदानावर फोर्ड यांच्या '९९९' या राक्षसी गाडीवर बसून बार्नी ओल्डफील्ड यांनी विंटन यांना पुन्हा हरवले.

गंमत अशी की, विंटन यांना स्वतःला जे जमले नाही ते त्यांच्या गाडीने करून दाखवले, आणि तेही त्यांच्या नकळत. १९०३मध्ये व्हरमाँट राज्यातील डॉ. होरेशिओ नेल्सन जॅक्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात पन्नास डॉलरची पैज लावली की आपण मोटारीने न्यूयॉर्क गाठू. त्यांच्याकडे ना मोटारीचा अनुभव, ना नकाशे. त्यांनी २० अश्वशक्तीची एक विंटन मोटार विकत घेतली, सिवॉल क्रॉकर या यंत्रज्ञाला सोबत घेतले आणि २३ मे रोजी कूच केले. विंटन ज्या वाळूत रुतले होते ती टाळण्यासाठी त्यांनी उत्तरेचा, ओरेगॉन-आयडाहोचा लांबचा वळसा घेतला. वाटेत बड नावाचा बुलडॉग घेतला. धुळीने त्याचे डोळे सुजू लागले म्हणून त्यालाही चालकाचा चष्मा चढवला. गाडी कित्येकदा ओढ्यात, चिखलात अडकली. कप्पी-दोराने, कधी घोड्यांच्या टोचनाने बाहेर निघाली. सुटे भाग रेल्वेने येईपर्यंत दिवसच्या दिवस मुक्काम पडला. अखेर २६ जुलै रोजी, ६३ दिवसांनी, ती न्यूयॉर्कला पोहोचली. अमेरिका मोटारीने ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती.

या प्रवासाच्या शेपटाची एक कथा सांगितली जाते. जॅक्सन व्हरमाँटमधील आपल्या घराकडे निघाले तेव्हा त्यांचे भाऊ आपापल्या मोटारी घेऊन सामोरे आले आणि त्यांच्याच मोटारी बंद पडल्या; खंड ओलांडून आलेल्या विंटनने त्यांना ओढत घरी नेले. ज्या गाडीच्या मालकाला पाच वर्षांपूर्वी घोड्यांचे टोचन लावून लाजिरवाणे घरी जावे लागले होते, तिच्याच कुळातल्या गाडीने इतरांना टोचन लावले. पॅकार्ड यांच्यापर्यंत ही कथा पोहोचली की नाही, हे कोण जाणे.

त्याच उन्हाळ्यात विंटन स्वतः आयर्लंडमधील गॉर्डन बेनेट शर्यतीत आठ सिलिंडरची आपली नवी 'बुलेट' घेऊन उतरले होते. इंधनवाहक भागातील बिघाडाने त्यांची सुरुवातच बिघडली आणि शर्यत पुरी झाली नाही. शर्यतीचा नाद त्यानंतर ओसरला.

पुढचा मोटारधंदा थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. १९०८च्या सुमारास विंटन यांनी सारे लक्ष सहा सिलिंडरच्या, दमदार आणि महागड्या मोटारींवर केंद्रित केले. त्याच वर्षी फोर्ड यांची मॉडेल टी आली आणि १९१३पासून ती फिरत्या पट्ट्यावर तयार होऊ लागली. विंटन यांना मोटार एकेक करून, कारागिराच्या हाताने, मनासारखी झालेली हवी होती. श्रीमंत गिऱ्हाइकांवर कंपनी काही वर्षे तगली. महायुद्धानंतरच्या मंदीत ती खचली. फेब्रुवारी १९२४मध्ये विंटन मोटारींचे उत्पादन बंद झाले. मागे फिरून पाहता, जो माणूस आपली एक गाडीही विनाकारण झिजू देत नव्हता, त्याच्याकडून लाखांच्या घाऊक उत्पादनाची अपेक्षा करणेच चुकीचे होते, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. अर्थात त्यांच्या कामगारांना या विवेचनाने काही सांत्वन मिळाले नसते.

त्यांच्या ट्रेलरची कल्पना मात्र दुसऱ्यांच्या हाती फोफावली. १९१४मध्ये डेट्रॉइटमध्ये फ्रेडरिक सिबली नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली हौशी होडी उत्तरेकडील सरोवरापर्यंत न्यायची होती. ते ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराकडे गेले. फ्रुहॉफ यांनी सिबली यांच्या फोर्ड मॉडेल टीच्या मागे दोन चाकांचा सांगाडा जोडला आणि होडी सुखरूप पोहोचली. खूश झालेल्या सिबली यांनी लाकूड वाहायला तसाच आणखी एक मागवला. फ्रुहॉफ यांनी त्याला 'सेमी-ट्रेलर' असे नाव दिले आणि १९१८मध्ये ट्रेलरची कंपनीच काढली. मालवाहतुकीच्या धंद्यात ती पुढे बलाढ्य झाली. हौसेच्या एका होडीतून मालवाहतुकीचे एवढे साम्राज्य निघाले. कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा, ही आपल्याकडील म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

विंटन यांच्या बाबतीत म्हणीचा दुसरा अर्धा भाग खरा ठरला. बोटींवर यंत्रे सांभाळत वाढलेला हा माणूस सरोवराकाठी राहत असे आणि नौकेचा शौकीन होता. आपल्या नौकेसाठी मनाजोगे इंजिन मिळेना, म्हणून १९१२मध्ये त्यांनी बोटींच्या इंजिनांची वेगळी कंपनी काढली आणि लवकरच ती डिझेल इंजिने बनवू लागली. मोटारींचा कारखाना बंद पडला तेव्हा ही हौसेतून निघालेली कंपनी जोमात होती. जून १९३०मध्ये जनरल मोटर्सने ती विकत घेतली.

२१ जून १९३२ रोजी, बहात्तरावा वाढदिवस होऊन एकच दिवस लोटला असताना, क्लीव्हलंड येथे विंटन यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर शंभराच्या आसपास पेटंटे होती. दोन वर्षांनी, २६ मे १९३४ रोजी, 'बर्लिंग्टन झेफर' ही रुपेरी आगगाडी डेन्व्हरहून शिकागोपर्यंतचे हजार मैलांहून अधिक अंतर सुमारे तेरा तासांत न थांबता धावली आणि अमेरिकी रेल्वेवरील वाफेच्या इंजिनाची सद्दी संपत आल्याची ती दवंडी ठरली. तिच्या पोटातले ६०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन विंटन या नावाचे होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या अनेक पाणबुड्यांत त्याच घराण्यातली इंजिने धडधडत होती. त्यांवर मात्र विंटन हे नाव राहिले नव्हते.

जॅक्सन यांची ती विंटन मोटार १९४४मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेली आणि तेथील संग्रहालयात आहे. विंटनच्या ज्या मोजक्या गाड्या खाजगी संग्रहांत उरल्या आहेत, त्यांतील एखादी लंडन ते ब्रायटन या जुन्या मोटारींच्या फेरीत दृष्टीस पडते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी निघणाऱ्या या फेरीत १९०५च्या आधीच्याच गाड्यांना प्रवेश असतो. देशोदेशीचे मालक आपापल्या गाड्या ट्रेलरवर चढवून लंडनला आणतात. पहाटेच्या थंडीत हाइड पार्कजवळ त्या उतरवल्या जातात, पट्टे सोडले जातात, हँडल फिरवली जातात आणि सुमारे साठ मैलांचा रस्ता प्रत्येक गाडीला स्वतःच्या चाकांवर तोडावा लागतो. काही वाटेत बंद पडतात. ट्रेलर तोवर वेगळ्या रस्त्याने पुढे गेलेले असतात आणि ब्रायटनला समुद्राकाठी त्यांची वाट पाहत उभे असतात.